ऑनलाइन अर्जांतील फोटो व सहीबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव,
कार्मिक व प्रशिक्षण विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : भरती परीक्षांच्या ऑनलाइन अर्जांत फोटो व सहीचे माप एकच असावे आणि ते अर्जप्रणालीनेच बसवून घ्यावे.

महोदय/महोदया,

जुने राजेंद्रनगर, करोलबाग, मुखर्जीनगर, नोएडा आणि गाझियाबाद येथे राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आम्ही मराठी परीक्षार्थी आहोत. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार हे निवेदन मराठीत सादर करीत आहोत. हिंदी अनुवाद सोबत जोडला आहे.

आमच्यातले बहुतेक जण एकाच वर्षी अनेक संस्थांचे अर्ज भरतात आणि प्रत्येक ठिकाणी फोटोचा नियम वेगळा. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला २० ते ३०० केबीची फाइल चालत होती. आयबीपीएसच्या बँक परीक्षांना फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबीतच लागते. साध्या मोबाइलवर काढलेला फोटो मात्र तीन-चार एमबीचा निघतो. सहीचे हाल त्याहून वाईट. खोलीतल्या एकुलत्या दिव्याखाली कोऱ्या कागदावर सही करून फोटो काढला की कागदावर मोबाइलची सावली पडते. ती फाइल २० केबीखाली आणली की बारीक रेघा तुटतात आणि सही ओळखू येत नाही.

मापांचाही आपसात मेळ नाही. आयबीपीएसच्या सूचनांत फोटो ४.५ × ३.५ सेंमी सांगितला जातो आणि २०० × २३० पिक्सेलही. पहिल्या मापात उंची रुंदीच्या सुमारे १.२९ पट, दुसऱ्यात १.१५ पट. पहिल्या मापाचा फोटो ओढूनताणून दुसऱ्यात बसवला की चेहरा पसरट होतो. मुळात सेंटीमीटर हे कागदाचे माप. ३.५ सेंमी रुंदी २०० डीपीआयला २७६ पिक्सेल भरते, ३०० डीपीआयला ४१३.

आजवर हा कटकटीचा विषय होता, आता तो ओळख पटवण्याचा झाला आहे. १४ सप्टेंबर २०२५ रोजी एनडीए व सीडीएस परीक्षांच्या वेळी संघ लोकसेवा आयोगाने गुरुग्राममधील निवडक केंद्रांवर चेहरा पडताळणीचा प्रयोग केला. केंद्रावरचा चेहरा अर्जातल्या फोटोशी ताडून पाहिला गेला. तोतया परीक्षार्थींना आळा घालणाऱ्या या पावलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण म्हणूनच अर्जातला फोटो ओढाताणीने बिघडलेला असणे यापुढे परवडणारे नाही.

केबी कमी करण्यासाठी मुले मिळेल त्या संकेतस्थळावर आपला फोटो आणि सही चढवतात. ते संकेतस्थळ कोणाचे, फाइल पुढे कुठे जाते, काही कळत नाही. शासनाने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा केला आणि शासकीय भरतीचा अर्जच उमेदवाराला अशा ठिकाणी ढकलतो, हे आम्हांला गंभीर वाटते. दृष्टिहीन उमेदवाराला तर फोटो कापण्यासाठी दुसऱ्याच्या हाती पासवर्डसकट सगळा अर्ज द्यावा लागतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चा हेतू असा नव्हता.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, मोबाइलवरचा मूळ फोटो जसाच्या तसा स्वीकारून तो कापणे, लहान करणे आणि जेपीजीत बदलणे हे काम अर्जप्रणालीने करावे. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच थेट फोटो घेण्यास सुरुवात केली, त्याअर्थी हे अशक्य नाही. मात्र थेट फोटोसोबत फाइल देण्याचा पर्यायही राहावा, कारण सर्वांकडे चांगला कॅमेरा नसतो.

आपल्या विभागाने वित्तीय सेवा विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाशी विचारविनिमय करून केंद्राच्या व बँकांच्या सर्व भरती परीक्षांसाठी फक्त पिक्सेलमध्ये एकच माप ठरवावे. फाइल नाकारली तर नेमके काय चुकले ते मराठीसह भारतीय भाषांत पडद्यावर दिसावे. तसेच केवळ फोटो वा सहीच्या दोषावरून कोणाचाही अर्ज बाद करण्यापूर्वी दुरुस्तीसाठी किमान सात दिवस द्यावेत.

या मागण्यांवर झालेली कार्यवाही आम्हांला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
दिल्ली व परिसरातील मराठी परीक्षार्थी
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी : मा. निवासी आयुक्त, महाराष्ट्र सदन, नवी दिल्ली