कम्युटेशनचा पैसा आणि तेजीची भाषा

देवळाली कॅम्प हे तोपखान्याचे गाव. स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच, आणि वर्दी उतरवल्यावर इथेच घर बांधणारेही पुष्कळ. निवृत्त होताना जवानाला पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग कम्युट करून एकरकमी पैसा घेता येतो. कापलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. हा पैसा टेक्नॉलॉजीच्या शेअरांत किंवा त्यांच्याच फंडात घाला, एआयचे युग आहे, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या बाजूने जे बोलले जाते ते तपासले पाहिजे.

म्हणतात, 2000 च्या डॉट-कॉम तेजीत कंपन्या पोकळ होत्या, आजच्या नफ्यात आहेत. पण इन्फोसिस पोकळ होती का? 1999-2000 मध्ये तिचा नफा सुमारे 293 कोटी होता, पुढच्याच वर्षी सुमारे 629 कोटी. नफा दुपटीवर गेला आणि त्याच काळात शेअरचा भाव शिखरापासून निम्म्याहूनही खाली आला. कारण पुढच्या कित्येक वर्षांची वाढ त्या भावात आधीच मोजून दिलेली होती. कंपनी उत्तम असणे आणि तिचा भाव रास्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल 2003 मध्ये वाढीचा अंदाज अपेक्षेहून कमी निघाला, तेव्हा हाच शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त कोसळला. कंपनी तोट्यात गेली नव्हती.

दुसरा मुद्दा मागणीचा. ऑर्डरी भरभरून आहेत, हे खरे. मात्र ऑर्डरीमागचा पैसा कुणाचा, हे पाहायला हवे. डॉट-कॉमच्या तेजीत दूरसंचार यंत्रे बनवणाऱ्या ल्युसेंट आणि नॉर्टेल स्वतःच ग्राहकांना कर्ज देऊन त्यांना यंत्रे विकत होत्या. ग्राहक बुडाले तशी विक्रीही गेली. सप्टेंबर 2025 मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये 100 अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला, आणि ओपनएआय तिच्याच चिपांची मोठी गिऱ्हाईक. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही, पण विक्रेत्याच्या पैशावर उभी असलेली मागणी पैशाचा ओघ आटताच आटते. तो आटवायला व्याजदरही पुरतो: जून 1999 ते मे 2000 मध्ये अमेरिकी फेडने दर 4.75 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. आपल्याकडे शेअर दलाल केतन पारेखचे लाडके शेअर असेच उसन्या पैशावर फुगले होते. मार्च 2001 मध्ये ते कोसळले तेव्हा त्याला कर्ज देणाऱ्या माधवपुरा बँकेचे ठेवीदारही भरडले गेले.

उरतो सर्वांत लाडका युक्तिवाद: थांबा, दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो. टेक्नॉलॉजी शेअरांचा अमेरिकी निर्देशांक नॅसडॅक 10 मार्च 2000 रोजी 5,048 वर बंद झाला, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,114 वर आला आणि जुने शिखर त्याने 2015 च्या एप्रिलमध्ये ओलांडले. पंधरा वर्षे! कम्युट केलेली पेन्शन परत यायला लागतात तेवढीच. चाळिशीत निवृत्त झालेल्या हवालदाराच्या मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, घराचे छप्पर, सगळे याच वर्षांत येते. त्याला थांबायला सांगणारा त्याचा हिशेबच करत नाही.

शेअर बाजारालाच माझा विरोध नाही. दरमहाच्या उत्पन्नातून थोडी रक्कम सर्व क्षेत्रांच्या इंडेक्स फंडात एसआयपीने जरूर जावी. एकरकमी पैसा मात्र आधी सुरक्षित जागी हवा. निवृत्त सैनिकाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते साठीची वाट न पाहता पन्नाशीतच उघडता येते, मर्यादा 30 लाखांची. सल्ला देणाऱ्याने फंडाच्या फॉर्मआधी हे सांगायला हवे.