आधी पडायला शिकवा

परीक्षा आटोपल्या की देवास-धारच्या आपल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: पोराला कराटेला घालावं की ज्युदोला? माझा कौल ज्युदोला. त्याचं मोठं कारण आपल्या शेजारच्या सिहोर जिल्ह्याचा कपिल परमार. लहानपणी पाण्याच्या पंपाचा शॉक बसला, पुढे दृष्टी गेली. तरी 5 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ब्राझीलच्या खेळाडूला 10-0 असं हरवून कांस्य आणलं. ज्युदोतलं भारताचं ते पहिलंच पॅरालिम्पिक पदक. दृष्टिहीनांच्या लढतीत दोघांनी एकमेकांचं जॅकेट धरल्यावरच पंच सुरुवात करतात. पुढचं सगळं हाताला जाणवणाऱ्या ओढीवरून ओळखायचं.

मात्र फी भरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. सुरुवातीला तुमचं मूल कोणाला पाडणार नाही, ते स्वतः पडत राहणार आहे. पडण्याच्या या शिक्षणाला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीकडे ओढून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत मॅटवर सपकन आपटायचे. घाबरलेलं मूल नेमकं उलटं करतं. हात मागे टेकून तोल सावरायला जातं आणि मनगट मोडून घेतं. म्हणून आधी बसल्या बसल्या, मग उकिडवं, मग उभं राहून आणि शेवटी कोणी फेकल्यावर, अशा पायऱ्यांनी पडायचं. मुलं कंटाळतात. पालकांना वाटतं, सर काही शिकवतच नाहीत.

हा कंटाळा सोसायलाच हवा. खुद्द जपानच्या शाळांत 1983 नंतरच्या तीन दशकांत ज्युदोमुळे शंभरावर मुलं दगावली. बऱ्याच जणांच्या डोक्याला मार लागला होता आणि त्यांत नव्याने शिकू लागलेली मुलं जास्त होती. ओसोतो गारी, म्हणजे पाय मागून छाटून समोरच्याला पाठीवर आदळण्याचा डाव, यात पुन्हा पुन्हा आढळला. नवख्या पोराला असे डाव घालू देणारा वर्ग कितीही नावाजलेला असो, मी तिथे मूल पाठवणार नाही.

आपल्या आखाड्यांतही तेल, हळद, ताक घालून माती मऊ केल्याशिवाय कोणी कोणाला आपटत नाही. फरशीवर सतरंजी अंथरून ज्युदो शिकवणारे भेटले, तर तिथूनच परत फिरा.

पट्ट्यांच्या रंगांना भुलू नका. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा जागा होती अवघ्या बारा तातामींची, म्हणजे जपानी चटयांची; रंगीबेरंगी पट्टे पुढे युरोपात रुळले. ठरावीक महिन्यांत काळा पट्टा देण्याची हमी म्हणजे निव्वळ दुकानदारी.

आणखी एक बारकाईने बघा. दाबाखाली सापडलेल्या मुलाने हाताने दोनदा थोपटलं की समोरच्याने तत्क्षणी सोडलं पाहिजे. तो सोडतो का, आणि सोडलं नाही तर सर धावतात का? नाव घालण्याआधी एक संध्याकाळ वर्गात जाऊन बसा, एवढं पाहा, मगच पैसे भरा.