वाटेत मोडले तर?

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र पुण्याहून लंडनला मोटारीने निघाले आहेत. निघाले आहेत म्हणजे गाडी अजून दारातच आहे. पण तयारी वर्षभर चालू आहे आणि घरातली सगळी माणसे कळत-नकळत तिच्यात ओढली गेली आहेत. माझी पाळी काही महिन्यांपूर्वी आली. भाचा दोन कागद घेऊन आला. एक सामानाच्या यादीचा, चांगली सव्वाशे कलमांची. दुसरा बँक गॅरंटीच्या अर्जाचा. ‘मामा, तुझी एखादी एफडी तारण ठेवशील का?’ त्याने सरळच विचारले.

हा दुसरा कागद काय, ते आधी सांगायला हवे. स्वतःची गाडी घेऊन परदेशांच्या सीमा ओलांडायच्या, तर काही देशांत ‘कार्ने द पासाज’ नावाचे जकातीचे पुस्तक दाखवावे लागते. गाडी आत आली की त्यावर एक शिक्का, बाहेर गेली की दुसरा. बाहेर जाण्याचा शिक्का पडला नाही, तर गाडी त्या देशात विकली असे धरून आयात जकात मागितली जाते. ती भरली जाईल याची हमी पुस्तक देणारी मोटार संघटना घेते आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी प्रवाशाकडून बँक गॅरंटी घेते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते. यातली ग्यानबाची मेख अशी, की गाडी परक्या मुलखात कायमची बंद पडली तरी तिला देशाबाहेर काढणे प्रवाशाला सुटत नाही. रस्त्याच्या कडेला सोडून विमानाने घरी येता येत नाही. आलाच, तर इकडे मामाची एफडी गेली!

बँकेतल्या नोकरीत आयुष्य दुसऱ्यांचे तारण तपासण्यात गेले. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून मी अर्ज बाजूला ठेवला आणि सामानाची यादी वाचायला घेतली. गाडीच्या छतावर उघडणारा तंबू, गाडीतला फ्रीज, त्याला वीज पुरवणारी लिथियम बॅटरी, तिच्यासाठी सौर पट्ट्या, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र, चाक रुतले तर खाली घालायच्या नायलॉनच्या पाट्या, ड्रोन, तीन प्रकारचे कॅमेरे. सत्त्याऐंशीव्या कलमासमोर लिहिले होते : ‘टूलकिट, १ नग’. तिथे मी थांबलो.

मला आठवण झाली ती १९५५ सालच्या सहा विद्यार्थ्यांची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतली ही मुले १ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरवरून दोन लँड रोव्हर घेऊन सिंगापूरला निघाली. सिनेमाची फिल्म मिळाली ती डेव्हिड ॲटनबरो या बीबीसीतल्या तरुण निर्मात्याकडून. चमूतले छायाचित्रकार अँटनी बॅरिंग्टन ब्राउन यांनी त्याआधी वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या प्रतिकृतीसमोरचा जगप्रसिद्ध फोटो काढलेला. चमूत एक जण गाड्या सांभाळणारा, एक वाट आणि नकाशे पाहणारा, एक कोठी सांभाळणारा. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान ओलांडून ही मंडळी भारतात आली आणि आसामातून दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या व नंतर जंगलाने गिळत आणलेल्या लेडो रस्त्याने ब्रह्मदेशात उतरली. ६ मार्च १९५६ रोजी ती सिंगापूरला पोहोचली. टिम स्लेसर यांनी या प्रवासावर लिहिलेले ‘फर्स्ट ओव्हरलँड’ हे पुस्तक अशा प्रवासांच्या नादी लागलेले लोक आजही वाचतात.

त्या गाड्यांत आरामाचे असे फार काही नव्हते. युद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो चेपला तर हातोडीने सरळ करायचा. बॅटरी उतरली तर पुढे हँडल घालून इंजिन फिरवायचे. बहुतेक भाग नटबोल्टांनी जोडलेले, म्हणजे पान्याने सुटणारे. यातल्या ‘ऑक्सफर्ड’ नावाच्या गाडीचे पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. ती पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांबरोबर ॲसेन्शन बेटावर गेली, तिथून सेंट हेलेनाला, आणि कित्येक दशके तिथेच राहिली. पुढे ती इंग्लंडात परत आणून दुरुस्त करण्यात आली आणि २०१९ साली सिंगापूरहून लंडनला निघाली. स्लेसर तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. ऐनवेळी ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी त्यांचा नातू गाडीत बसला. चौसष्ट वर्षांची गाडी त्या डिसेंबरात लंडनला पोहोचली. आज घेतलेली गाडी चौसष्ट वर्षांनी असा प्रवास करील का? तिचे लोखंड कदाचित टिकेल. पण तिच्या संगणकाचा सुटा भाग तेव्हा कोण देणार?

जुन्या प्रवाशांचे सामान गरजेतून आणि पुष्कळदा भंगारातून जन्मले. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये होता आणि सुट्टीत फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत असे. वाळूत चाके रुतत. कैरोतल्या भंगाराच्या दुकानात त्याला पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपरासाठी केलेल्या पोलादी पट्ट्या मिळाल्या. त्या चाकाखाली घातल्या की गाडी बाहेर येई. भाच्याच्या यादीतल्या नायलॉनच्या पाट्या त्यांच्याच वंशातल्या. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकते, म्हणून त्याने सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र वापरले. रेडिएटरचे पाणी उकळून वाफ होऊन जाई, म्हणून वाफेची नळी त्याने बाहेर बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफेचे तिथे पाणी होई आणि इंजिन थंड झाले की रेडिएटर ते परत ओढून घेई. आज आपल्या प्रत्येकाच्या गाडीत बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक छोटी बाटली असते. तिचे तत्त्व तेच.

पेट्रोलच्या डब्याचीही अशीच कथा. ब्रिटिश सैन्याचे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे प्रवासात गळत आणि आफ्रिकेच्या वाळवंटात पेट्रोल वाळूत जिरून जाई. जर्मनांनी १९३७ साली वीस लिटरचा एक डबा तयार केला होता : दोन अर्धे जोडून केलेला, पान्याशिवाय उघडणाऱ्या झाकणाचा आणि वर तीन मुठी असलेला. तीन मुठी अशासाठी, की दोन माणसांना एक भरलेला डबा मिळून उचलता यावा आणि एका माणसाला एका हातात दोन रिकामे डबे धरता यावेत. १९३९ साली पॉल प्लाइस हा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. पाण्यासाठी सहकाऱ्याने असे तीन डबे मिळवले. प्लाइस कोलकात्यापर्यंत आला आणि डब्याची माहिती अमेरिकेला मिळाली, ती अशा प्रवासातून! इंग्रजांनी शत्रूचे डबे हस्तगत करून वापरले, मग नक्कल केली आणि जर्मनांना ते ज्या टोपणनावाने हाक मारीत त्यावरूनच डब्याला ‘जेरीकॅन’ म्हटले. तो आजही जवळजवळ त्याच आकारात मिळतो. यादीत तो होता, याचे मला समाधान वाटले.

आपल्या मातीतले उदाहरण याहून जुने आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली. ४४,००० मैल, म्हणजे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. सायकलीत मोडण्यासारखे जे काही असते ते समोर दिसते, आणि लोहाराचा भाता जिथे आहे तिथे तिचा इलाज आहे. शिवाय जिथे ती माणसाला नेऊ शकत नाही, तिथे माणूस तिला खांद्यावर नेऊ शकतो. एवढे भाग्य दुसऱ्या कोणत्याही वाहनाच्या वाट्याला येत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला जुने ते सोने वाटते. तसे नाही. बॅग्नोल्डची गाडी वाळवंटात कायमची थांबली असती तर त्याला मदतीची हाक मारायला कोणी नव्हते. आज एक बटण दाबले की जगाच्या पाठीवरून तुमचे ठिकाण शोधून काढता येते. त्यातून जीव वाचतात आणि जिवापुढे कसले जुने-नवे? माझी तक्रार नव्या यंत्रांबद्दल नाही. ती यंत्रे आपल्याला कोणत्या अटींवर मिळतात, याबद्दल आहे.

भाच्याची गाडी डिझेलची, नव्या प्रदूषण नियमांची. या इंजिनांना अगदी कमी गंधक असलेले इंधन लागते. भारतात एप्रिल २०२० पासून तसे मिळते. वाटेतल्या प्रत्येक पंपावर मिळेलच असे नाही. गंधक जास्त असेल तर धूर गाळणारी यंत्रणा बिघडू लागते. एखादा संवेदक रुसला की संगणक इंजिनाची ताकदच कमी करतो. धूर स्वच्छ करणारे द्रव संपले तर यातल्या काही गाड्या पुन्हा सुरू व्हायलाच नकार देतात. इंजिनात तसूभरही दोष नसतो, परवानगी नसते! मग तिथला मिस्त्री कितीही कसबी असो, त्याच्या हाताला काम उरत नाही. कंपनीचा संगणक जोडणारा माणूस सातशे किलोमीटरवर. उपग्रहयंत्राचीही गंमत आहे. ते सगळीकडे चालते, पण सगळीकडे चालत नाही. आपल्याच देशात ते परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला त्यापायी अटक झाली.

दुरुस्ती ही केवळ सोय नव्हे. गाडी बंद पडली की प्रवासी गावात शिरतो. लोहार शोधतो, चहा घेतो, भाषा येत नसताना हातवारे करतो. मोडलेली वस्तू ही अनोळखी माणसाशी बोलण्याचे एक निमित्त असते. ज्या वस्तूला तो माणूस हातच लावू शकत नाही, ती आपल्याला त्याच्या दारातून पुढे ढकलते. आणि हे लंडनला निघालेल्यांपुरते नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, मुलीचा मोबाइल, घरातले धुलाईयंत्र, सगळीकडे हाच प्रश्न आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी येतात. युरोपीय महासंघाने २०२४ साली या विषयावर निर्देश काढला. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिराला देण्याची सक्ती झाली, तरच या हक्काला अर्थ येईल. ज्या देशात नाक्यानाक्यावर मिस्त्री आहे, त्या देशाने यात युरोपची वाट पाहण्याचे कारण नाही.

मी भाच्याला यादी परत केली आणि तिच्यात आणखी एक रकाना आखायला सांगितला : ‘मोडल्यास कोण दुरुस्त करील आणि कुठे?’ तो भरल्यावर ये, मग सहीचे बघू. तो जरा फुरंगटून गेला. तीन आठवड्यांनी आला तेव्हा यादी सव्वाशेवरून ब्याऐंशीवर आली होती. नवी गाडी विकून सोळा वर्षांची जुनी घ्यायचे ठरले होते. फ्रीज आणि ड्रोन गेले होते. संदेशयंत्र राहिले होते, पण भारताबाहेर पडल्यावर विकत घ्यायचे होते. कागदी नकाशे आले होते. ‘टूलकिट, १ नग’ या ओळीची दीड पाने झाली होती. आणि बऱ्याच कलमांपुढे, कोण दुरुस्त करील याच्या उत्तरात, तिघांची नावे होती. दर रविवारी ते नाना पेठेतल्या एका गॅरेजात जातात, हे मला बहिणीकडून कळले. तिथल्या उस्तादाने पहिले दोन रविवार त्यांना फक्त नटबोल्ट धुवायला लावले म्हणे.

कर्ज बुडण्याचा धोका बँकेला पूर्ण टाळता येत नाही. तो फक्त ओळखून घेता येतो. मी अर्जावर सही केली.