मनगटावरचा मुनीम

तर झालं असं. गेल्या रविवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो. माझी मावसबहीण चिऊ नववीत आहे, शाळेच्या संघातून खो-खो खेळते. मावशी दुसरी पोळी वाढायला आली तर हिने ताटावर हात आडवा धरला. "नको गं आई, आज फक्त दोनशे दहाच जळल्यात."

कॅलरी! पंधरा वर्षांची पोरगी!

"अगं, सकाळी दोन तास प्रॅक्टिस केलीस ना?"

"दादा, सर मैदानावर घड्याळ घालू देत नाहीत. कुणाला लागेल म्हणून. ते दप्तरात होतं."

म्हणजे पोरगी उन्हात धावत होती, घड्याळ दप्तरात आराम करत होतं, आणि पोळी मात्र घड्याळाला विचारून खायची. डोकंच फिरलं माझं.

मंडळी, मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. स्क्रीनवरचे आकडे कसे जन्माला येतात ते रोज बघतो. घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते मनगटाचे हिसके मोजतं आणि हिरव्या दिव्याने नाडी बघतं. वय, वजन, उंची तुम्हीच भरता. पुढचं सगळं सूत्र. म्हणजे अंदाज. पण स्क्रीनवर "साधारण दीडशे ते तीनशे" असं येत नाही, "२१०" असं ठणकावून येतं. सायकल चालवताना हात हँडलवर स्थिर, दप्तराचं ओझं त्याला दिसतच नाही, आणि नुसते हात हलवले तरी ते पावलं धरू शकतं!

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत? सगळ्यात चांगल्याची सरासरी चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३! आमच्याकडे असं मॉड्यूल टेस्टिंगच्या दारातूनच परत येईल. आणि ही तपासणी मोठ्या माणसांवरची आहे.

मुलांचं गणित तर आणखी वेगळं. व्यायामाची तीव्रता 'मेट' या एककात मोजतात. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या प्रौढाचा खर्च, किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी. पण वाढत्या मुलांचा स्वस्थ बसल्यावरचा खर्चच किलोमागे प्रौढांपेक्षा जास्त असतो. म्हणून तर संशोधकांना मुलांसाठी वेगळे तक्ते करावे लागले. खरोखर मोजायचं तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात आणि एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. ऑक्सिजन पाण्यातून आणि उच्छ्वासातूनही जातो, हायड्रोजन फक्त पाण्यातून. या फरकावरून खर्च निघतो. तोही सगळ्या दिवसांचा मिळून, आजच्या प्रॅक्टिसचा नाही. प्रयोगशाळेला ज्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो ते म्हणे मनगटावरचा मुनीम करणार!

कुणी म्हणेल, "पण त्या निमित्ताने पोरं हलतात तरी!" मान्य. मग मिनिटं मोजा ना. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मिनिटांतच आहे: ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल. आणि त्या दहा हजार पावलांचंही फार कौतुक नको. तो आकडा १९६५ च्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नाही.

प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. (हेही मुलांनीच भरलेल्या प्रश्नावल्यांवरून, बरं का.) पण त्यावर उपाय घड्याळ? आमच्या शाळेत पीटीचा तास कायम गणिताच्या बाई घ्यायच्या. चिऊच्याही शाळेत तेच चालतं. सोसायटीचं मैदान पार्किंगने खाल्लं. ते सगळं तसंच ठेवायचं आणि वाढदिवसाला पोरीच्या हातात पट्टा बांधून मोकळं व्हायचं.

माझं म्हणणं एवढंच. अठराच्या खालच्या मुलांना कॅलरीचा आकडा दाखवूच नका. कंपन्यांसाठी ही एका सेटिंगची गोष्ट आहे. त्या करत नसतील तर आई-बाबांनी तो रकाना लपवावा. वाढत्या वयात भूक हाच त्यातल्या त्यात बरा सेन्सर, आणि त्याला चार्जिंगही लागत नाही :)

चिऊच्या ॲपमधून मी तो रकाना त्याच दुपारी काढला. पोळी मात्र तिने त्या दिवशी खाल्लीच नाही. घड्याळ मीच दिलं होतं, दिवाळीला.