जुने ते सोने, पण कसास लावून

मीरा रोडच्या ज्या वस्तीत आमचे बिऱ्हाड आहे, तिचे नाव हाटकेश. हाटक म्हणजे सोने. भागवताच्या पाचव्या स्कंधात वितल नामक पाताळात वास करणाऱ्या शंकरास हाटकेश्वर म्हटले असून, तेथील सोन्यासही हाटक हेच नाव दिले आहे. सोन्याच्या नावाच्या या वस्तीत राहून ‘जुने ते सोने’ ही म्हण मी शाळेत आणि घरात कित्येकदा सांगितली असेल. परंतु सोने घासून, कापून, तापवून आणि ठोकून पाहावे व मगच त्यास सोने म्हणावे, हा सुभाषितकारांचा दुसरा पाठ सांगावयाचे मात्र मी बहुधा विसरत असे. तो पाठ गेल्या वैशाखात मला एका काचेच्या टाकीने दिला.

माझे वडील बंधू दोन वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांस मासे पाळण्याचा मोठा नाद. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन फूट लांबीची काचेची टाकी करून घेतली, आणि पुढली वीसएक वर्षे त्यांची सकाळ तिच्यापुढे जात असे. या वर्षी वहिनी मुलाकडे राहावयास गेल्या. तेथे जागा अपुरी, सबब टाकी त्यांनी आमच्याकडे पाठविली. बरोबर निरोप होता, “भावजी, दिवाळीत येईन तेव्हा तिच्यात मासे पाहावयास मिळोत.”

घरात आनंदीआनंद झाला. आमच्या बारा वर्षांच्या नातवाने माशांची नावे त्याच दिवशी ठरविली. दिवाणखान्यातील भिंतीशी जागा मुक्रर झाली. टाकी आता भरावयाची, इतक्यात धाकट्या सूनबाईंनी हळूच विचारले, “मामंजी, बाळ इथेच रांगतो, आणि विजेचे बटणही इथेच खाली आहे. टाकी भक्कम आहे ना?”

“दादाची टाकी आहे,” असे मी उत्तर दिले. उत्तर देताच मला उमगले की, हे उत्तर नव्हे. वस्तू कोणाची, हे मी सांगितले. ती कशी आहे, हे मला ठाऊक नव्हते. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसास आपलेच उत्तर चुकल्याचे लपविता येत नाही. मी टाकी भरण्याचे थांबविले, आणि नातवास वही-पेन्सिल घेऊन बोलाविले.

प्रथम गणित केले. टाकीची आतील लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३५. पाणी ४२ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावयाचे. म्हणजे पाणी सुमारे १३२ लिटर, आणि त्याचे वजन तितकेच किलो. वाळू, दगड आणि काच निराळी. नातू म्हणाला, “आजोबा, हे वजन तर तळाशी. पुढल्या काचेवर काय?” प्रश्न योग्य होता. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागी तो शून्य, आणि ४२ सेंटिमीटर खाली दर चौरस सेंटिमीटरास ४२ ग्रॅम. सरासरी २१ ग्रॅम धरून काचेच्या भिजलेल्या क्षेत्रफळाने गुणिले असता पुढल्या काचेवर सुमारे ८० किलो रेटा येतो. एक धट्टाकट्टा पुरुष त्या काचेस अहोरात्र टेकून उभा आहे, असे समजावे. पाणी निम्मेच भरले तर रेटा निम्मा होत नाही; तो चतुर्थांश होतो, म्हणजे सुमारे २० किलो. कारण दाबही निम्मा आणि क्षेत्रफळही निम्मे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

हा रेटा तोलून धरतो कोण? काच नव्हे, काचांमधील सांधा. हल्लीच्या टाक्यांच्या काचा सिलिकॉन नावाच्या रबरासारख्या पदार्थाने चिकटविलेल्या असतात. कोपऱ्यात आतून जी जाड वळी दिसते ती बहुतांशी संरक्षणाची. खरा भार दोन काचांच्या मधील पातळ थरावर असतो. हा थर वर्षानुवर्षे टिकतो खरा, परंतु तो अमर नव्हे. त्याहून जुन्या, लोखंडी चौकटीच्या टाक्यांत लांबीसारखा लुकण भरीत. टाकी फार दिवस कोरडी राहिली की तो कडक होऊन तडकतो.

सोन्याच्या चार परीक्षांपैकी तापविणे आणि ठोकणे काचेच्या कामाचे नाही. तिच्या चार परीक्षा निराळ्या. आम्ही केल्या त्या येणेप्रमाणे.

पहिली दृष्टीची. टाकी रिकामी करून पांढऱ्या व्हिनेगरने क्षार पुसून काढावेत. साबण लावू नये, त्याचा अंश माशांस बाधतो. मग उजेडात धरून प्रत्येक काचेची कड पाहावी. पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा चालतो. कडेचा टवका आणि कोपऱ्यातून निघालेली चीर चालत नाही, कारण चीर भाराखाली वाढत जाते. पुढे सांध्यांतील थर पाहावा. तो एकसारखा दिसला पाहिजे. त्यात पांढुरके डाग, बुडबुड्यांची रांग अथवा आत शिरलेले शेवाळ दिसले, तर तेथे काच सुटू लागली आहे असे समजावे. आमच्या टाकीच्या मागील डाव्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा पांढुरका डाग होता. याच वेळी नातवाने क्षारांच्या दोन रेषा दाखविल्या. एक काठाजवळ, दुसरी बरोबर मध्यावर. मधली रेषा कशाची, हे तेव्हा आम्हांस कळले नाही.

दुसरी स्पर्शाची. आतील वळीवर नख हलकेच दाबीत जावे. ती मऊ, लवचिक आणि काचेस घट्ट असावी. कडा उचलल्या जात असतील, पापुद्रा निघत असेल, तर ती निकामी. वरील आडव्या काचपट्ट्याही हलवून पाहाव्यात. रेट्याने लांब काच मध्यभागी फुगते तिला त्या आवरतात. पट्टी सुटलेली टाकी भरूच नये.

तिसरी समतेची. ज्या घडवंचीवर टाकी ठेवावयाची तिच्यावर गवंड्याची पाणसळ लांबीत, रुंदीत आणि तिरपी ठेवून पाहावी. घडवंची वाकडी असेल तर काचेस पीळ बसतो आणि उत्तम सांधाही उकलतो. बिनचौकटीच्या टाकीखाली थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा, म्हणजे खालचा एखादा खडा अथवा उंचवटा तळाच्या काचेस टोचत नाही.

चौथी आणि खरी परीक्षा पाण्याची. ती दिवाणखान्यात न करता न्हाणीघरात अथवा अंगणात, सपाट जागी करावी. टाकीखाली आणि भोवती कोरडा कागद अंथरावा. पाणी एकदम न भरता चार हप्त्यांत भरावे, आणि प्रत्येक हप्त्यानंतर काही तास थांबावे. पूर्ण भरल्यावर पातळीपाशी चिकटपट्टी लावून निदान एक अहोरात्र, शक्य तर दोन, टाकी तशीच ठेवावी. पातळी किंचित उतरली तर ते बाष्पीभवन असू शकेल. कागद ओला झाला तर ती गळतीच. लांब काचेच्या वरच्या कडेस दोरा ताणून धरावा, म्हणजे काच किती फुगली ते दिसते. आणि भरलेली टाकी कदापि उचलू नये.

आम्ही पहिला हप्ता भरला, दुसरा भरला, कागद कोरडा. माझ्या मनास धीर आला, किंबहुना थोडा अभिमानही वाटला. तिसरा हप्ता संध्याकाळी भरला. रात्री निजण्यापूर्वी नातू कंदिलासारखी विजेरी धरून कागद पाहून आला आणि काही न बोलता माझ्याजवळ उभा राहिला. मागील डाव्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा डाग ओला झाला होता.

ही गोष्ट केवळ घरगुती टाक्यांची नव्हे. बर्लिन शहरात २००३ साली एका हॉटेलच्या दालनात उभारलेले अनेक मजले उंचीचे गोल मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे एकाएकी फुटले. सुमारे दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत गेले आणि सुमारे पंधराशे माशांपैकी बहुतेक सर्व दगावले. वेळ पहाटेची म्हणून मनुष्यहानी टळली. ते अ‍ॅक्रिलिकचे होते, त्याची डागडुजीही नुकतीच झाली होती. तज्ज्ञांनी चिकटविलेला सांधा, पायथ्यातील खोक आणि डागडुजीच्या काळातील कोरडेपणा अशा शक्यता तपासल्या, पण निश्चित कारण सांगता आले नाही. आपल्या मुंबईत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. २०१५ साली त्याचे नूतनीकरण होऊन पारदर्शक बोगदाही झाला. तथापि २०२० च्या साथीत ते बंद झाले, आणि पुढे इमारतच धोकादायक ठरल्याने ते पुन्हा उघडता आले नाही. टाक्या नव्या, पण त्यांस धरणारे घर जुने! आपल्या महानगरपालिकांच्या कायद्यानेही तीस वर्षे उलटलेल्या इमारतींची अभियंत्याकडून तपासणी बंधनकारक केली आहे. घरास जो न्याय, तोच घरातील टाकीस.

दुसऱ्या दिवशी थोरले चिरंजीव म्हणाले, “बाहेरून थोडे सिलिकॉन लावू.” परंतु वाळलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धड चिकटत नाही, आणि बाहेरचे ठिगळ आतल्या पाण्यास सोलून काढावयास सोपे. खरा उपाय एकच: काचा सुट्या करून जुना थर पात्याने पूर्ण खरवडावा आणि बुरशीनाशक औषध नसलेल्या, मत्स्यपेटीस योग्य अशा सिलिकॉनने टाकी नव्याने जोडून घ्यावी. हे कसबी माणसाचे काम. आणि वीस वर्षांच्या काचेवर ते करावे की नवी टाकी घ्यावी, याचा हिशेब आधी करावा.

वहिनींस हे कळविण्याचे काम माझ्याकडे आले. फोन हाती घेण्यास मला दोन दिवस लागले. दादाची वस्तू मी नापास केली, असे सांगावयाचे कसे? सर्व ऐकून त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “भावजी, शेवटची दोन वर्षे ते टाकी निम्मीच भरीत. मासे कमी झाले म्हणून, असे आम्हांला वाटे.”

मधल्या रेषेचा अर्थ तेव्हा उलगडला. दादास तो कोपरा ठाऊक होता. टाकीवर त्याचे प्रेम माझ्याहून कितीतरी अधिक; म्हणूनच त्याने तिच्यावरचा भार चतुर्थांशावर आणून ठेविला होता, आणि घरात कोणास काळजी लावली नव्हती.

नवी टाकी आता दोन फुटांची आली आहे. तीही न्हाणीघरात दोन दिवस परीक्षेस बसली आणि उत्तीर्ण झाली. जुनीत पाणी न भरता नातवाने तिच्यात नेचे आणि शेवाळ लावले आहे; ओलसर मातीचा थर चार बोटांचा, त्याचा रेटा त्या कोपऱ्यास जाणवत नाही. जुने तेवढे सारे चांगले नव्हे, जाणता मनुष्य पारखून घेतो, असे कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेतच म्हणून ठेविले आहे. मी ते वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. वाचकांच्या घरी एखादी वडिलार्जित टाकी असेल, तर पावसाळ्यापूर्वी तिच्याखाली एक कोरडा कागद अंथरून पाहावा, एवढीच विनंती.