वर्षातल्या 239 तासांसाठी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात पीबडी नावाचे शहर आहे. तिथे वीज खासगी कंपनीकडून नव्हे, नगरपालिकेच्याच वीज खात्याकडून मिळते. जुनी जनित्रे असलेल्या आवारातच तिथे 55 मेगावॅटचे नवे केंद्र उभारायचे ठरले. डझनभराहून अधिक गावांच्या वीज खात्यांनी मिळून खर्च उचलला, सुमारे साडेआठ कोटी डॉलर. इंधन मुख्यतः नैसर्गिक वायू, तो मिळाला नाही तर डिझेल. चालणार किती? वर्षाच्या 8,760 तासांपैकी अंदाजे 239 तास.

हा वेडेपणा नाही. आम्ही सॉफ्टवेअरवालेही गर्दीच्या दिवसासाठी जादा सर्व्हर राखून ठेवतोच. न्यू इंग्लंडमध्ये क्षमतेच्या खर्चातला वाटा वर्षातल्या सर्वाधिक मागणीच्या एका तासावरून ठरतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत वायू घरे तापवण्याकडे जातो आणि तेलच कामी येते. 2017 च्या डिसेंबरअखेर आलेल्या लाटेत तिथल्या वीजकेंद्रांनी पंधरवड्यात सुमारे 20 लाख पिंपे तेल जाळले.

पण माझा सर्व्हर शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडत नाही. (डेटा सेंटरची डिझेल जनित्रे सोडतात, हेही कबूल.) उन्हाळ्यात मागणी शिगेला पोहोचते ती उकाड्याच्या दिवशी, आणि हवा सर्वात वाईट असते तीही बहुधा त्याच दिवशी. म्हणजे तास थोडे असले तरी ते नेमके नको तेव्हाचे. 2021 मध्ये रहिवाशांनी विरोध केला, शहराच्या आरोग्य मंडळानेही आरोग्यावरील परिणामांचा अभ्यास मागितला. काम काही काळ थांबले, मग पुढे गेलेच.

त्याच राज्यातल्या स्टर्लिंग या छोट्या गावाच्या वीज खात्याने 2016 मध्ये 2 मेगावॅटची बॅटरी बसवली. ती नेमकी त्या महागड्या तासांत रिकामी करायची आणि बिल वाचवायचे. बॅटरी आठवडाभराच्या थंडीला पुरणार नाही, हे खरे. पण उन्हाळ्यातल्या दोन-चार तासांसाठी चिमणी कशाला, याचे उत्तर पीबडीकरांना आधी मिळायला हवे होते. मालक तेच होते ना?

मुंबईत बेस्टही महापालिकेचीच. संध्याकाळच्या शिखर मागणीची वीज कुठून येते आणि त्या चिमणीखाली कोण राहते, हे आपल्यापैकी कितीजणांनी नगरसेवकाला विचारले आहे?