रात्री पाय वळवळतात? मेंदूच्या स्कॅनने काय दाखवले आणि तुम्ही कोणती तपासणी करावी

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांमध्ये वळवळ सुरू होते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते, पण आडवे झाले की पुन्हा तेच. बसल्या-पडल्या होणारा, संध्याकाळनंतर वाढणारा आणि हालचालीने कमी होणारा हा त्रास म्हणजे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो. घरात त्याला ‘थकवा’ किंवा ‘वयोमान’ म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात हा मेंदूशी आणि लोहाशी संबंधित आजार आहे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने उपचारांच्या नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. वर्षानुवर्षे पहिली पसंती असलेली प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे सरसकट देऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे. लोहाची तपासणी आणि लोहाचे उपचार मात्र पुढे आले. हा बदल समजून घ्यायचा तर मेंदूच्या स्कॅनवर झालेले संशोधन पाहायला हवे.

स्कॅनमध्ये काय दिसले?

लोहावर चुंबकाचा परिणाम होतो. एमआरआय यंत्र चुंबकावरच चालते. त्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागात लोह किती आहे, याचा अंदाज एमआरआयच्या खास पद्धतीने घेता येतो. २००१ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ रुग्ण आणि ५ निरोगी व्यक्तींची अशी तपासणी केली. रुग्णांच्या मेंदूतील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या भागात लोह कमी आढळले. गट अगदी लहान होता. पण पुढे मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या अभ्यासातही याच भागात लोहाची कमतरता दिसली.

हालचालींवर नियंत्रण ठेवणारे डोपामिन हे रसायन याच भागातील पेशी तयार करतात, आणि ते तयार करायला लोह लागते. लोह कमी पडले की ही यंत्रणा बिघडते. पुढच्या काही स्कॅनमध्ये मेंदूच्या थॅलॅमस भागात ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाशी संबंधित बदलही आढळले. पाय शांत झाले तरी झोप का लागत नाही, याचे उत्तर कदाचित तिथे असेल.

हा पार्किन्सन आहे का?

नाही. पार्किन्सनमध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रातील पेशी मरतात आणि तिथे लोह वाढलेले दिसते. रेस्टलेस लेग्जमध्ये पेशी शाबूत असतात, लोह कमी असते. दोन्हींत एकच औषध वापरले जाते म्हणून घाबरू नका.

मग एमआरआय करून घ्यावा का?

या आजाराच्या निदानासाठी नको. स्कॅनमधला फरक गटाच्या सरासरीत दिसतो. एकेका व्यक्तीत निरोगी आणि आजारी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय नेहमीच्या एमआरआय रिपोर्टमध्ये हे लोह मोजलेलेच नसते. निदान तुमच्या लक्षणांवरून होते. डॉक्टरांना दुसऱ्या आजाराची शंका असेल, तर गोष्ट वेगळी.

करायची ती तपासणी रक्ताची: फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन. नुसते हिमोग्लोबिन पुरेसे नाही, कारण हिमोग्लोबिन उतरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. इथेच अनेकांची फसगत होते. फेरिटिन २५ आले तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेले असू शकते. पण या आजारात प्रौढांचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल, तर लोह देण्याचा विचार करावा, असे नव्या सूचना सांगतात. रक्त सकाळी द्या आणि आदल्या २४ तासांत लोहाची गोळी घेऊ नका. ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन खोटे वाढते, हेही डॉक्टरांना सांगा.

लोह गोळीतून द्यायचे की शिरेतून, हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. जास्तीचे लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही.

जुनी औषधे चालू असतील तर?

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल सुरुवातीला छान काम करते. काही वर्षांनी मात्र अनेकांमध्ये त्रास उलटतो. रात्री होणारी वळवळ दुपारीच सुरू होते, हातांपर्यंत पसरते, डोस वाढवला की आणखी बिघडते. असे होत असेल तर डोस वाढवून मागू नका आणि गोळी एकदम बंदही करू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करतील. जुगार किंवा खरेदीचा अनावर नाद लागला, तरी लाजू नका, सांगा. तोही या गोळ्यांचा परिणाम असू शकतो. आता गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन यांना पसंती आहे. पण त्यांनी गुंगी आणि चक्कर येते. वयस्कर माणसे पडू शकतात, तसेच मूत्रपिंडाचा आजार असल्यास डोस कमी लागतो.

डॉक्टरांकडे जाताना

- त्रास कधी सुरू होतो आणि कशाने थांबतो, हे आठवडाभर लिहून ठेवा.
- सगळ्या गोळ्या सोबत न्या. सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या, उलटीवरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी त्रास वाढतो.
- गर्भारपण, मूत्रपिंडाचा आजार, पाळीत जास्त रक्तस्राव किंवा मोठे घोरणे असेल तर आवर्जून सांगा.
- संध्याकाळचा चहा-कॉफी आणि मद्य बंद करून पाहा.

आणि “माझे फेरिटिन किती आहे?” हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.